डोंगरातील विजेचा हिशेब पाचव्या वर्षापर्यंत मांडावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाटण तालुक्यातील ढेबेवाडी खोऱ्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाली. एका लहानशा गावाने एकजुटीने हे काम तडीस नेले, याचा जिल्ह्याला अभिमान वाटावा हे योग्यच आहे. तेव्हापासून जावळी, महाबळेश्वर आणि पाटण या तालुक्यांतील ग्रामसभांत ‘आपलीही वाडी सौर करू’ ही मागणी वारंवार ऐकू येते. मी बँकेच्या नोकरीत अनेक वर्षे डोंगरी भागातील कर्जप्रकरणे हाताळली असल्याने या मागणीकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहतो. पॅनेल बसवण्याइतका पैसा आज बहुधा कोणत्या ना कोणत्या योजनेतून मिळतो. बसवलेली यंत्रणा पाच, आठ, दहा वर्षे चालवण्याचा पैसा कोठून यायचा, हा प्रश्न मात्र मंजुरीच्या कागदांत क्वचितच विचारला जातो. डोंगरातील छोटी वीज परवडते की नाही, हे माझ्या मते याच एका प्रश्नावर ठरते.

प्रथम घरावरील सौरऊर्जेचा विचार करू. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेत पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रतिकिलोवॅट ३० हजार रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८ हजार रुपये अनुदान आहे; कमाल मर्यादा ७८ हजारांची आहे. आता दोन घरे शेजारी ठेवून पाहावीत. सातारा शहरातील एक घर महिन्याला अडीचशे युनिट वापरते. आपल्याकडे घरगुती विजेचा दर शंभर युनिटांनंतर जवळपास दुप्पट होत असल्याने त्या घराची बचत मुख्यतः महागड्या युनिटांची होते आणि दोन किलोवॅटच्या यंत्रणेसाठी अनुदान वजा जाता घातलेले साठ हजारांच्या आसपासचे पैसे अडीच-तीन वर्षांत फिटतात. दुसरे घर कांदाटी खोऱ्यातील आहे. तेथे चार दिवे, एक दूरदर्शन संच, मोबाइल आणि कधीतरी मिक्सर, असा महिन्याचा वापर चाळीस युनिटांचा. सहा रुपये दराने त्याची बचत महिन्याला अडीचशे रुपयांच्या आतच राहते आणि स्थिर आकार तर भरावाच लागतो. एक किलोवॅटसाठी अनुदानाखेरीज तीस हजार रुपये घातले, तर ते वसूल व्हायला दहा वर्षांहून अधिक काळ लागेल. शंभर युनिटांपेक्षा कमी वापर असलेल्या ग्राहकांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये वाढीव अनुदान जाहीर केले, त्यामुळे ग्राहकाचा वाटा बराच घटला. ते पाऊल चांगलेच आहे. तरीही ज्याचा वापर मोठा त्याला लाभ मोठा, ही या गणिताची मूळ घडण त्याने बदललेली नाही.

याच योजनेतील आणखी एक बाब फारशी बोलली जात नाही. हिमाचल, उत्तराखंड, जम्मू-काश्मीर, ईशान्येकडील राज्ये अशा विशेष प्रवर्गातील प्रदेशांना डोंगरी वाहतूक आणि उभारणीचा जादा खर्च ध्यानात घेऊन अनुदान दहा टक्क्यांनी अधिक दिले जाते. बामणोली-तापोळ्यापलीकडील वाड्यांपर्यंत सामान लाँचने आणि पुढे डोक्यावरून न्यावे लागते, पण त्या महाराष्ट्रात असल्याने त्यांना मैदानी दर लागू होतो. डोंगर राज्याच्या सीमेवरून ठरवायचा की चढावरून, हा प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींनी दिल्लीत मांडायला हवा.

पैशांपेक्षाही मोठा गैरसमज आहे तो वीजपुरवठ्याबद्दल. महावितरणच्या वाहिनीला जोडलेली छतावरील साधी सौरयंत्रणा, वाहिनीतील वीज गेली की स्वतःही बंद पडते. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या सुरक्षिततेसाठी तसे असणे आवश्यकच आहे. परंतु जून ते सप्टेंबर या काळात झाडे कोसळून, दरडी येऊन घाटमाथ्यावरील वाहिन्या दिवसच्या दिवस बंद राहतात. मे महिन्यात छतावर पॅनेल बसवून घेतलेल्या कुटुंबाला जुलैच्या काळोख्या रात्री त्याचा काहीच उपयोग होत नाही, आणि मग ‘सौर म्हणजे फसवणूक’ असा समज वाडीभर पसरतो. ज्यांना अंधार टाळायचा आहे त्यांना बॅटरी लागते, आणि बॅटरी आली की सगळा हिशेब बदलतो.

पॅनेल पंचवीस वर्षे टिकते. इन्व्हर्टर आठ-दहा वर्षे जातो. साधी शिशाची बॅटरी, पाणी वेळेवर भरले तर, चार-पाच वर्षे. लिथियमची बॅटरी आठ-दहा वर्षे. म्हणजे यंत्रणेतील सर्वांत महाग पडणारा भाग सर्वांत आधी मरतो. २०१७ च्या सौभाग्य योजनेत वीजवाहिनी पोहोचू न शकणाऱ्या दुर्गम घरांना दोनशे ते तीनशे वॅटचे पॅनेल, पाच एलईडी दिवे, एक पंखा आणि बॅटरी दिली गेली व त्यासोबत पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद होती. तरतूद पाच वर्षांची आणि बॅटरीचे आयुष्यही साधारण तितकेच. म्हणजे नेमका खर्च उभा राहायच्या वेळी जबाबदारी संपली. गावोगावी खांबांवर पॅनेल शाबूत आणि दिवा मात्र बंद, असे सौर पथदिवे आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यात तंत्राचा दोष थोडा आहे; नवी बॅटरी घेण्यासाठी कोणीच दर महिन्याला काही बाजूला ठेवले नव्हते, हे खरे कारण आहे.

म्हणून तीस घरांच्या एका वाडीचा ढोबळ हिशेब मी येथे मांडतो. दहा किलोवॅटची सामाईक यंत्रणा, लिथियम बॅटरी आणि वाडीतील तारा यांना मिळून बारा लाख रुपये धरू. ती रक्कम अनुदान किंवा देणगीतून आली असे समजू आणि केवळ चालवण्याचा खर्च पाहू. चार लाखांची बॅटरी आठ वर्षे जाईल असे धरले तर दरवर्षी ५० हजार रुपये बाजूला पडले पाहिजेत. इन्व्हर्टरसाठी १० हजार. देखरेख करणाऱ्या गावच्याच मुलाला महिन्याला तीन हजार म्हणजे वर्षाला ३६ हजार. किरकोळ दुरुस्ती, तारा, फ्यूज यांना १४ हजार. एकूण एक लाख दहा हजार झाले. तीस घरांनी मिळून दिवसाला वीस युनिट वापरले, तर वर्षाची विक्री ७,३०० युनिट होते आणि एक युनिट पंधरा रुपयांना पडते. प्रत्येक घराला महिन्याला वीस युनिटांसाठी तीनशे रुपये द्यावे लागतील. ज्या घराचे उत्पन्न भात-नाचणी, दोन म्हशी आणि मुंबईहून येणारी मनीऑर्डर एवढेच आहे, त्याला हे जड आहे. आणि मुंबईतील मुलगा गणपतीला आल्यावर ‘खालच्या गावात सहा रुपये, मग आपल्याला पंधरा का’ असे विचारणारच.

आता त्याच यंत्रणेवर दिवसा आणखी दहा युनिटांचा वापर जोडावा. वर्षाच्या सरासरीने अशी यंत्रणा दिवसाला पस्तीस युनिटांच्या आसपास वीज देते, त्यामुळे ती वीज तेथे आहेच. घरे ती संध्याकाळी वापरतात आणि दुपारची वाया जाते. विक्री १०,९५० युनिटांवर गेली की तोच खर्च वाटला जाऊन युनिट दहा रुपयांवर येते. एकही नवे पॅनेल न लावता, एकही रुपया अनुदान न वाढवता दर एक तृतीयांशाने उतरला. वाड्यांमधील प्रकल्प जगला की बुडाला, हे घरातील दिव्यांपेक्षा दुपारच्या या वापरावर अधिक अवलंबून असते, हे मी कर्जप्रकरणे तपासताना शिकलो.

हा दुपारचा वापर कोणता असावा, याचे उत्तर डोंगरातील प्रत्येक बाई देऊ शकेल. महाबळेश्वरच्या परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही माथ्यावरच्या वाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत पाण्यासाठी उतार उतरून हंडे वर आणावे लागतात. एक हजार लिटर पाणी दीडशे मीटर उंच चढवायला, पंपाची गळती धरून, सुमारे एक युनिट वीज लागते. म्हणजे दुपारच्या त्या दहा युनिटांत वाडीला रोज दहा हजार लिटर पाणी, माणशी सत्तर लिटरांच्या आसपास, मिळू शकते. त्यासाठी बॅटरीही लागत नाही. ऊन असेल तेव्हा टाकी भरून ठेवायची. उन्हाळ्यात पाण्याची ओढ सर्वाधिक असते आणि ऊनही तेव्हाच कडक असते. पावसाळ्यात पंपाची गरज उरत नाही, तेव्हा तीच वीज नाचणी-वरीच्या गिरणीला किंवा घरगुती पर्यटनाच्या खोल्यांना देता येते. प्रत्यक्षात मात्र पाणीयोजना एका खात्याकडे, सौर दिवे दुसऱ्याकडे आणि गिरणीचे अनुदान तिसऱ्याकडे असते. एकाच वाडीत तीन पॅनेलसंच तीन ठेकेदार बसवतात आणि एकाचीही देखभाल परवडत नाही. पश्चिम महाराष्ट्रात वीजबिलाच्या थकबाकीमुळे बंद पडलेल्या पाणीयोजना आपण कमी पाहिलेल्या नाहीत. पाणी आणि वीज यांचा हिशेब वेगवेगळा ठेवणे डोंगराला परवडणारे नाही.

सह्याद्रीचे आणखी एक सामर्थ्य आहे, ज्याकडे सौरऊर्जेच्या उत्साहात दुर्लक्ष झाले आहे. पावसाळ्याचे चार महिने ढगांमुळे पॅनेल अर्धीही वीज देत नाहीत, पण त्याच चार महिन्यांत प्रत्येक वाडीशेजारचा ओढा दुथडी वाहत असतो. सेकंदाला पाच लिटर पाणी चाळीस मीटर उंचीवरून नळाने खाली आणले आणि यंत्राची कार्यक्षमता निम्मी धरली, तरी सुमारे एक किलोवॅट वीज मिळते. एक किलोवॅटचे पॅनेल सरासरीने दिवसाला साडेतीन युनिट देते, म्हणजे वर्षाला १,२८० च्या आसपास. ओढ्यावरचा एक किलोवॅट रात्रंदिवस चालतो, दिवसाला चोवीस युनिट देतो आणि फक्त १२० दिवसांत २,८८० युनिट देऊन मोकळा होतो. शिवाय तो नेमका अंधाराच्या आणि ढगांच्या दिवसांत चालत असल्याने बॅटरी लहान घेतली तरी भागते, आणि बॅटरी लहान झाली की वर सांगितलेल्या पन्नास हजारांच्या वार्षिक बोजातील मोठा भाग हलका होतो. पाचोळा आणि गाळ यांनी तोंडाची जाळी रोज तुंबते, पुरात नळ वाहून जाऊ शकतो, कोणीतरी रोज इरले घेऊन तेथे जावेच लागते, हे मान्य केले पाहिजे. पण पाट काढून खाचरात पाणी फिरवणाऱ्या माणसांना हे काम परके नाही. सौर आणि ओढा यांची ही जोडी ज्या आराखड्यात आहे असा एकही मंजूर प्रस्ताव माझ्या पाहण्यात नाही, कारण अनुदानाच्या योजना साधनानुसार आखल्या जातात, गावानुसार नाही.

‘एवढे करून दहा रुपये युनिट, मग तार ओढणेच स्वस्त’, असे कोणी म्हणेल. जेथे वाहिनी सहज नेता येते तेथे ती न्यावीच, याबद्दल दुमत असू नये. परंतु कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात प्रत्येक खांबासाठी वनखात्याची परवानगी लागते, पंधरा-वीस घरांसाठी काही किलोमीटर उच्चदाब वाहिनी टाकावी लागते, तिचा खर्च लाखांत जातो आणि पहिल्याच पावसात ती पडते. तो भांडवली खर्च आपण वाडीकडून मागत नाही. राज्यभरच्या ग्राहकांवर तो विभागला जातो. मग सौर किंवा ओढ्यावरच्या प्रकल्पाने मात्र भांडवलासकट स्वतःच्या पायावर उभे राहावे, ही अपेक्षा कोणत्या न्यायाने ठेवायची? मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेतून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज मिळते आणि राज्यातील सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना तिचा लाभ आहे. ज्याची शेती पावसावर आहे आणि ज्याच्याकडे पंपच नाही, त्या डोंगरातील शेतकऱ्याच्या वाट्याला यातील काहीही येत नाही. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याचे मिळते ते काढून घ्यावे, असे मी म्हणत नाही. पण सार्वजनिक पैशाने कोणाची वीज परवडण्याजोगी करायची, हा निर्णय आपण आधीच घेतलेला आहे आणि त्या निर्णयात डोंगर सुटला आहे, एवढे स्पष्ट दिसते.

आमच्याच जिल्ह्यातील पवनचक्क्या याची साक्ष देतील. वनकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघरच्या पठारांवर वारा पूर्वीपासून होता. तेथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या गुंतवणूकदारांना पहिल्या वर्षी मिळणाऱ्या मोठ्या घसाऱ्याच्या, म्हणजे यंत्राच्या किमतीतील घट खर्चात दाखवण्याच्या, करसवलतीमुळे आणि वीजखरेदीच्या हमीमुळे. २००३ मध्ये नियामक आयोगाने पवनऊर्जेसाठी साडेतीन रुपये प्रारंभिक दर, दरवर्षी पंधरा पैसे वाढ आणि तेरा वर्षांचा करार असे ठरवून दिले होते. ग्रामपंचायतीला प्राप्तिकर नाही, त्यामुळे घसाऱ्याची सवलत नाही, आणि तिच्या ओढ्यावरच्या विजेला तेरा वर्षांची काय, तेरा महिन्यांची हमीही कोणी देत नाही. कोयनेच्या पाण्यावर १,९६० मेगावॅट क्षमतेची वीजगृहे उभी आहेत आणि ज्यांची शेते शिवसागर जलाशयाखाली गेली त्यांच्या पुढच्या पिढ्या जलाशयाच्या काठावर पावसाळाभर दिव्याची वाट पाहतात. त्यांच्यासाठी एखाद्या किलोवॅटला हमी देणे या राज्याला अवघड नाही.

असे प्रकल्प नीट चालल्याची उदाहरणे दूरची नाहीत. जुन्नर तालुक्यातील दरेवाडी येथे २०१२ मध्ये साडेनऊ किलोवॅटच्या आसपासचा सामाईक सौरप्रकल्प ३९ घरांसाठी उभा राहिला. भांडवल बाहेरून आले, पण प्रत्येक घराला मीटर बसले, गावाच्याच विश्वस्त संस्थेने बिले वसूल केली आणि दर ठरवताना पुढे बॅटरी बदलण्याचा खर्च त्यात धरला. नेपाळमधील हजारो लहान जलविद्युत प्रकल्पांचा अनुभवही हाच आहे: ज्या प्रकल्पाच्या शेजारी गिरणी, तेलघाणा, सुतारकाम असे दिवसाचे गिऱ्हाईक होते तो तगला. तेथे पुढे सरकारी तार आली तेव्हा अनेक लहान प्रकल्प ओस पडू लागले. त्यावर उपाय म्हणून २०१८ मध्ये नुवाकोट जिल्ह्यातील अवघ्या २३ किलोवॅटचा प्रकल्प राष्ट्रीय वाहिनीला जोडून त्याची वीज विकत घेणे सुरू झाले. आपल्याकडेही आज ना उद्या तार पोहोचेल. तेव्हा वाडीची यंत्रणा भंगारात जाणार नाही, ती वाहिनीला जोडून घेतली जाईल, असे लेखी आश्वासन आधी मिळाले तर कर्ज देणाऱ्याचा धीर वाढतो.

कर्जाविषयीही दोन शब्द लिहिणे मला भाग आहे. रिझर्व्ह बँकेच्या अग्रक्रम क्षेत्राच्या, म्हणजे बँकांनी प्राधान्याने कर्ज द्यायच्या कामांच्या, नियमांत अपारंपरिक ऊर्जेसाठी एका कुटुंबाला दहा लाख रुपयांपर्यंतचे कर्ज बसते आणि दुर्गम गावांच्या विद्युतीकरणासारख्या सार्वजनिक कामांसाठी ३५ कोटींपर्यंत मर्यादा आहे. नियम आड येत नाही; कर्जदार कोण, हा प्रश्न आड येतो. वाडीतील सातबाऱ्यावर वीस-वीस नावे, त्यातील निम्मी मुंबईत, काही जमीन वनखात्याच्या नोंदीत. तारण काय घ्यायचे, असे म्हणून शाखाधिकारी फाइल बाजूला ठेवतो आणि त्याच्या जागी असताना मला त्याची अडचण कळत असे. आपल्या जिल्ह्यात यावर उपाय आहे. विकास सोसायटीचे जाळे डोंगरातही पोहोचलेले आहे आणि २०२३ च्या आदर्श उपविधींनी सोसायट्यांना पीककर्जाबाहेरचे अनेक व्यवसाय करण्याची मुभा दिली आहे. सोसायटीने यंत्रणेची मालकी घ्यावी, बिल तिने वसूल करावे, बॅटरी निधी जिल्हा बँकेत आवर्त ठेवीत तिच्याच नावे राहावा आणि महिला बचत गटांनी मीटरची नोंद ठेवावी. गटांच्या वसुलीचा अनुभव बँकेत असताना मी घेतला आहे. माझ्या हाताखालच्या प्रकरणांत सर्वांत वेळेवर येणारे हप्ते त्यांचेच होते.

शासनाकडून अपेक्षा फार मोठी नाही. सामाईक प्रकल्पाच्या अनुदानाची रक्कम आज बहुतांशी उभारणीच्या वेळीच दिली जाते. तिचा पाचवा हिस्सा रोखून तो वाडीच्या निधीत ठेव म्हणून ठेवावा आणि यंत्रणा चालू असल्याची मीटर नोंद पाहून पाचव्या वर्षापासून बॅटरी-इन्व्हर्टरसाठीच तो मोकळा करावा. असे झाले तर ठेकेदार चांगला माल देईल आणि गावही नोंद ठेवील. डोंगरी विकास कार्यक्रमाचा निधी सध्या प्रामुख्याने रस्ते, साकव, सभागृहे यांवर खर्च होतो. त्यातून जावळी, पाटण, महाबळेश्वर आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यातील शिराळा या चार तालुक्यांत प्रत्येकी एका वाडीत सौर, ओढा आणि पाणीउपसा यांचा एकत्रित प्रकल्प उभारावा. त्याचा जमाखर्च, म्हणजे युनिट किती निघाले, किती विकले गेले, वसुली किती झाली आणि निधीत किती साठले, दरवर्षी ग्रामसभेत वाचून दाखवण्याची अट मंजुरीच्या आदेशातच घालावी. जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी माझी दोन्ही जिल्ह्यांच्या पालकमंत्र्यांना आपल्या पत्रामार्फत विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
मेढा, ता. जावळी, जि. सातारा